नाव गावाचे, माल कोणाचा?

इंदूर शहराच्या जुन्या वस्तीत होळकरांचा राजवाडा उभा आहे. खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, अशी त्याची सात मजली देवडी ज्यांनी एकवार पाहिली त्यांस ती विसरता येत नाही. १९८४ साली लागलेल्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला. पुढे तो पुन्हा उभारण्यात आला. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे आणि सभोवती बाजारांचे जाळे पसरले आहे. कापडाचा बाजार, भांड्यांचा बाजार, आणि दिवसा सोनेचांदी विकून रात्री खाद्यपदार्थांनी गजबजणारा सराफा. ह्या बाजारांतून दुकानांच्या पाट्या वाचीत चालावे, तर भूगोलाचे पुस्तक उघडल्यासारखे वाटते. रतलामी शेव, माहेश्वरी साडी, चंदेरी, बनारसी शालू, आग्र्याचा पेठा. प्रत्येक मालाच्या अगोदर एका गावाचे नाव. गिऱ्हाईक त्या नावाकडे पाहूनच पैसे मोजते. मग ते नाव कोणाच्या मालकीचे, आणि त्याची किंमत अखेर कोणाच्या पदरात पडते, ह्या प्रश्नाचा आज थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न आम्हांस पुस्तकात सापडला नाही. गतवर्षी आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाबरोबर इंदूरला जाण्याचा योग आला. त्या घरची कन्या तिकडील एका मठात धर्मभगिनी असून ती अखेरची व्रते घेणार होती. सोहळा यथासांग पार पडला. दुसऱ्या दिवशी तिच्या आईस, म्हणजे आमच्या मावशींस, राजवाड्याजवळच्या बाजारात जाण्याची इच्छा झाली. धाकट्या मुलाचे लग्न ठरले होते; होणाऱ्या सुनेसाठी माहेश्वरी साडी घ्यावयाची, हे त्यांनी गावाहून निघतानाच मनाशी ठरविले होते. केळी विकून गाठीस बांधलेले पैसे त्यांनी मोजून दिले. दुकानदाराने "अस्सल माहेश्वरी" असे दोनदा सांगितले, साडी कागदात गुंडाळली आणि वर हसून नमस्कारही केला.

इंदूरपासून महेश्वर सुमारे नव्वद किलोमीटर. इतक्या लांब आलोच आहोत तर नर्मदा पाहून जावी म्हणून आम्ही सर्वजण तेथे गेलो. घाटाच्या पायऱ्या चढून वर आल्यावर एका घरातून मागाचा ठोका ऐकू आला आणि मावशी आपसूक आत शिरल्या. वृद्ध विणकराने बसावयास चटई दिली. मावशींनी मोठ्या कौतुकाने आपली साडी उलगडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती उजेडाकडे नेली, काठ उलटा करून पाहिला, कडेवरून बोट फिरविले, आणि काही न बोलता पुन्हा नीट घडी घातली. मावशींनी विचारले तेव्हा ते हळूच म्हणाले, "मांजी, साडी वाईट नाही. पण ही आमच्या गावची नव्हे. ही यंत्रमागाची आहे."

मग त्यांनी आपल्या मागावरची साडी दाखविली. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा. काठ असा की दोन्ही बाजूंनी सारखा. कोणतीही बाजू वर करून नेसावी. कडेला सुईच्या टोकाएवढी बारीक छिद्रे, कारण विणताना कापड ताणून धरणाऱ्या काठीची टोके तेथे रुततात. काठावरची नक्षी किल्ल्याच्या दगडांतून आणि नदीच्या लाटांतून उचललेली. एका साडीस कित्येक दिवस लागतात, असे ते म्हणाले. मावशींच्या डोळ्यांत पाणी आले. फसलेल्या पैशांचे दुःख होतेच. परंतु त्यांस अधिक लागले ते निराळेच. त्या म्हणाल्या, "ह्यांच्या नावावर मी पैसे दिले आणि ह्यांना त्यातला एक पैसा पोहोचला नाही."

प्रिय वाचकहो, मावशींच्या ह्या एका वाक्यात जो विषय आहे त्याच विषयावर जगातील राष्ट्रे गेली शंभराहून अधिक वर्षे तह करीत आहेत, मोडीत आहेत आणि पुन्हा वाटाघाटीस बसत आहेत. आश्चर्याची गोष्ट अशी की ह्या वाटाघाटींत साडी, शेव वा चप्पल ह्यांच्यापेक्षा कितीतरी वरचे आसन द्राक्षमद्यास आणि इतर मद्यांस मिळाले आहे. मद्यपानाची भलावण करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. बाटलीने उद्ध्वस्त झालेली घरे आमच्या वाचकांनी पाहिली आहेत आणि आम्हीही पाहिली आहेत. परंतु नावाच्या रक्षणाचा कायदा बाटलीच्या पोटी जन्मला, हा इतिहास आहे, आणि तो समजल्यावाचून विणकराचे गाऱ्हाणे समजणार नाही.

प्रथम इंदूरचेच उदाहरण घेऊ. राजवाड्यापासून फार दूर नसलेल्या महात्मा गांधी रस्त्यावर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. तेथे स्कॉटलंडच्या व्हिस्की-उत्पादकांचा संघ इंदूरच्या एका व्यावसायिकाविरुद्ध उभा राहिला होता. त्याच्या बाटलीमुळे माल स्कॉटलंडचा असल्याचा भास होतो, अशी त्या संघाची तक्रार. तक्रारीतील खरेखोटे ठरविणे आमचे काम नव्हे. न्यायालयापुढे आलेला मुद्दा असा होता की नावाची नोंदणी करणाऱ्या संस्थेने एकटीने दावा लावावा की ते नाव वापरणाऱ्या अधिकृत उत्पादकासही सोबत घेणे सक्तीचे आहे. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की नोंदणी करणारी संस्था एकटीही दावा लावू शकते. मुद्दा बारीक खरा. परंतु चित्र पाहा. हजारो कोसांवरील एका डोंगराळ मुलुखातील लोक आपल्या मुलुखाच्या नावासाठी इंदूरच्या न्यायालयात येऊन उभे राहतात. आणि महेश्वरच्या विणकरास नव्वद किलोमीटरवरील दुकानापर्यंतही जाता येत नाही.

हे बळ स्कॉटलंडच्या लोकांस एका रात्रीत आले नाही. त्याचा उगम शोधू जाता आपणांस पोर्तुगालास जावे लागते. ज्या पोर्तुगालचे राज्य १७३९ पर्यंत वसईवर होते, त्याच पोर्तुगालात १७५६ साली पोंबाल ह्या मंत्र्याने दौरो नदीच्या खोऱ्याची सीमा आखली. तेथील 'पोर्ट' नावाच्या मद्यास इंग्लंडात मोठी मागणी होती. मागणी वाढताच भेसळ वाढली. रंग गडद दिसावा म्हणून रानफळांचा रस मिसळू लागले. नाव बदनाम झाले, भाव कोसळला आणि शेतकरी नाडला गेला. तेव्हा राज्याने सीमेवर दगडी खुणा रोवल्या, रंगासाठी वापरली जाणारी ती झाडे उपटावयास लाविली, आणि ह्या सीमेच्या आत पिकलेल्या द्राक्षांचेच मद्य त्या नावाने विकता येईल असे ठरविले. ह्यातील एक गोष्ट ध्यानात धरावी. पहिला शत्रू परका नव्हता. नाव बुडविणारे आपल्याच खोऱ्यातले होते.

फ्रान्समधील शॅम्पेन प्रांताची कथा अशीच आहे. तेथील मठांतील साधूंनी मिस्सेच्या द्राक्षरसासाठी मळे राखले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या मळ्यांची जोपासना केली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील काही व्यापारी बाहेरच्या प्रांतांतून स्वस्त द्राक्षे आणून त्यांचे मद्य 'शॅम्पेन' म्हणून विकू लागले. स्वतःच्या मळ्यात द्राक्षे सडत आहेत आणि आपल्या गावाचे नाव मात्र दुसऱ्याच्या द्राक्षांवर खपते आहे, हे पाहून १९११ साली शेतकरी खवळून उठले. गोदामे फुटली, बाटल्यांचा चुराडा झाला, लष्कर बोलवावे लागले. दंगलीचे समर्थन कोणी करू नये. परंतु तिच्यामागची व्यथा ओळखावी. पुढे पहिले महायुद्ध झाले आणि १९१९ च्या व्हर्सायच्या तहात फ्रान्सने जर्मनीकडून एक कलम लिहून घेतले. त्या २७५ व्या कलमानुसार मद्यांच्या प्रादेशिक नावांचा मान राखण्याचे जर्मनीने कबूल केले. लाखो माणसे मारली गेल्यानंतर झालेल्या तहात मद्याच्या नावासाठी जागा सापडावी, ह्यावरून त्या नावाचे मोल ध्यानात येईल. अमेरिकेच्या सिनेटने त्या तहास मान्यता दिली नाही, आणि अमेरिकेत 'शॅम्पेन' ह्या नावाने तेथलेच मद्य विकले जात राहिले.

आता आपल्या काळाकडे येऊ. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. तिच्या करारांपैकी बौद्धिक संपदेच्या करारात गावाच्या वा प्रदेशाच्या नावास 'भौगोलिक निर्देशक' म्हणून संरक्षण मिळाले. आपल्याकडे त्यास भौगोलिक मानांकन असेही म्हणतात. ह्या करारात दोन कलमे शेजारी शेजारी आहेत. बाविसावे कलम सर्व मालांसाठी. ते सांगते की लोकांची फसवणूक होत असेल तर ते नाव वापरण्यास मनाई करावी. तेविसावे कलम केवळ द्राक्षमद्ये व इतर मद्ये ह्यांच्यासाठी. ते सांगते की फसवणूक होवो वा न होवो, खरे गाव बाटलीवर लिहिलेले असो वा नसो, 'प्रकार', 'पद्धत', 'अनुकरण' असे शब्द जोडलेले असोत, तरीही ते नाव वापरू नये.

फरक वाचकांस एका दृष्टान्ताने कळेल. परदेशात कोणी आपल्या मद्यावर 'अमुक देशात तयार केलेली शॅम्पेन पद्धतीची वारुणी' असे लिहिले, तर तेविसावे कलम त्यास अडविते. परंतु तेथेच कोणी यंत्रावर विणलेल्या कापडावर 'अमुक देशात विणलेली माहेश्वरी पद्धतीची साडी' असे छापले, तर बाविसाव्या कलमाखाली तो म्हणेल, "मी कोठे फसविले? खरे गाव तर लिहिले आहे." मग लोक फसले हे सिद्ध करण्याचे ओझे विणकराच्या शिरावर. एकाच करारात बाटलीस भक्कम तटबंदी आणि मागास काट्यांचे कुंपण, असा हा भेद आहे.

हा भेद का राहिला? कारण वाटाघाटींच्या मेजावर ज्यांचे मळे होते त्यांनी आपल्या मळ्यापुरते पक्के करून घेतले. युरोपचे मद्य-उत्पादक देश संघटित होते. आपले विणकर आणि चर्मकार त्या मेजापासून दूर होते. ही चूक दुरुस्त व्हावी म्हणून प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००१ साली दोहा येथे ज्या वाटाघाटी आरंभल्या त्यांत दोन गोष्टी होत्या. पहिली, मद्यांच्या नावांची एक आंतरराष्ट्रीय नोंदवही करावी. दुसरी, तेविसाव्या कलमाची तटबंदी सर्व मालांस लागू करावी की कसे ह्याचा विचार करावा. दुसऱ्या मागणीत भारत आघाडीवर होता, कारण आपल्याकडे दार्जिलिंगचा चहा आहे, बासमती आहे, साड्या आहेत. २००८ साली युरोपीय संघ, स्वित्झर्लंड, ब्राझील, चीन, भारत अशा शंभराहून अधिक सदस्यांनी मिळून एक संयुक्त प्रस्ताव मांडला. समोर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, अर्जेंटिना, चिली असे देश होते. नोंदवही ऐच्छिक माहितीपुरती असावी, आणि संरक्षण वाढवू नये, असे त्यांचे म्हणणे. ते प्रकरण आजपर्यंत तडीस गेलेले नाही.

विरुद्ध पक्षाचे म्हणणेही न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. ते म्हणतात, "आमचे पूर्वज युरोपातून बोटीत बसून आले तेव्हा द्राक्षाच्या काड्यांबरोबर नावेही घेऊन आले. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही तीच नावे वापरली; आता ती आमच्या बोलीतील साधे शब्द झाली आहेत." ह्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? होळकर हे नावच नीरा नदीकाठच्या होळ गावावरून आले आणि माळव्यात राजघराण्याचे नाव झाले. माणूस गाव सोडतो तेव्हा गावाचे नाव बरोबर नेतो. ह्याहून विलक्षण गोष्ट स्वित्झर्लंडमधील व्हो प्रांतात घडली. तेथे शॅम्पेन नावाचेच एक लहान खेडे आहे. तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या द्राक्षांचे साधे पांढरे मद्य आपल्या खेड्याच्या नावाने विकीत. १९९९ साली स्वित्झर्लंड व युरोपीय संघ ह्यांच्यात करार झाला आणि त्यान्वये २००४ पासून त्या खेड्यास स्वतःचे नाव स्वतःच्या बाटलीवर लिहिण्याची मनाई झाली. मोठ्या शॅम्पेनपुढे धाकट्या शॅम्पेनचा निभाव लागला नाही. म्हणजे नावाच्या रक्षणासाठी केलेला तहही एखाद्या गरीब खेड्याचे नाव हिरावू शकतो.

जिनीव्हाची मोठी बैठक अडून राहिल्यामुळे देश आता दोघादोघांत तह करीत आहेत. २००२ साली दक्षिण आफ्रिकेने युरोपीय संघाशी मद्यविषयक करार करून 'पोर्ट' व 'शेरी' ही नावे टप्प्याटप्प्याने सोडण्याचे मान्य केले. ऑस्ट्रेलियाचा करार २०१० मध्ये अमलात आला आणि तेथील उत्पादकांनी शेरीस 'अपेरा' असे नवे नाव शोधले. अमेरिकेने २००६ च्या करारात नव्या बाटल्यांवर अशी नावे न वापरण्याचे मान्य केले, परंतु जुन्या उत्पादकांस मुभा ठेविली. भारत व युरोपीय संघ ह्यांच्यातही २०२२ साली व्यापाराच्या बोलण्यांबरोबर भौगोलिक निर्देशकांच्या स्वतंत्र करारासाठी बोलणी सुरू झाली. २४ जुलै २०२५ रोजी भारत व ब्रिटन ह्यांच्यात जो व्यापार करार झाला, त्यात व्हिस्कीवरील दीडशे टक्के आयातकर प्रथम पंच्याहत्तर आणि दहाव्या वर्षी चाळीस टक्क्यांवर आणण्याचे ठरले. अशा प्रत्येक मेजावर समोरचा आपल्या बाटल्यांच्या नावांची यादी घेऊन येतो. आपण आपल्या मागांची आणि चुलींची यादी तितक्याच नेटाने घेऊन जातो की नाही, हे पाहणे नागरिकांचे कर्तव्य आहे.

यादी वेळेवर करावी लागते, हाही धडा स्कॉटलंडच्याच लोकांकडून घेण्यासारखा आहे. बंगळूरची एक कंपनी १९६८ पासून 'पीटर स्कॉट' ह्या नावाची व्हिस्की विकीत होती. स्कॉटलंडच्या संघाने त्या चिन्हाविरुद्ध अर्ज केला तो १९८६ साली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००८ मध्ये संघाच्या विरुद्ध निकाल लागला. ठाऊक असूनही इतकी वर्षे गप्प बसलात, मग आता तक्रार कशी, हे त्या निकालाचे एक प्रमुख कारण होते. आपले नाव दुसरा वापरीत असता जो स्वस्थ बसतो, त्याचा हक्क झिजत जातो, मग तो कितीही धनवान असो.

आपल्या देशाने ह्यासाठी १९९९ साली कायदा केला. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. नोंदणीचे कार्यालय चेन्नईस आहे. पहिली नोंद दार्जिलिंगच्या चहाची. त्यानंतर सोलापुरी चादर, पैठणी, नाशिकची द्राक्षे व तेथील वाइन, घोलवडचा चिकू, रतलामी शेव, महेश्वरच्या साड्या, इंदूरची चामड्याची खेळणी, झाबुआचा कडकनाथ कोंबडा अशा कितीतरी नावांची नोंद झाली. आमच्या गोमंतकीय बांधवांची काजूची फेणी २००९ साली नोंदली गेली. तिची हकीकत ह्या विषयात फार बोलकी आहे. काजूचे झाड मुळात ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते येथे आणिले. परंतु बोंडे पायांनी तुडवून रस काढणे, तो मडक्यांत आंबविणे, भट्टीवर पहिल्यांदा उर्राक आणि नंतर फेणी काढणे, ही सारी विद्या गोव्याच्या डोंगरउतारावरील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या घडविली. तसेच महेश्वरचे. अहिल्याबाईंनी बाहेरगावचे विणकर आणून तेथे वसविले अशी परंपरा आहे. म्हणजे झाड परके, विणकर पाहुणे. तरीही नाव गावाचे, कारण घाम त्या गावात गाळला गेला. नावाचा हक्क मातीइतकाच श्रमाने मिळतो, असे आम्ही समजतो.

फेणी हे मद्य असल्यामुळे तेविसाव्या कलमाची भक्कम तटबंदी तिला मिळू शकते. आणि तरी तिच्याच देशात तिला दीर्घकाळ 'देशी दारू' ह्या वर्गात बसविले गेले, त्यामुळे राज्याबाहेर विकण्याची वाटच बंद होती. २०१६ साली गोवा शासनाने कायदा बदलून तिला वारशाचा दर्जा दिला. शिवाय जागतिक करारातच असे म्हटले आहे की ज्या नावास स्वतःच्या देशात संरक्षण नाही, त्यास परदेशाने संरक्षण देण्याचे बंधन नाही. जगाने आपला मान राखावा असे वाटत असेल तर आरंभ घरातून झाला पाहिजे. कोल्हापुरी चपलेस महाराष्ट्र व कर्नाटक ह्यांच्या आठ जिल्ह्यांसाठी २०१९ मध्ये मानांकन मिळाले होते. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील एका विख्यात कंपनीने मिलान येथे तशाच घडणीची पादत्राणे प्रदर्शनात मांडली तेव्हा सुरुवातीस कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. आपण रागावलो ते योग्यच झाले. परंतु त्याच दिवशी आपल्या गावच्या बाजारात 'कोल्हापुरी' म्हणून विकले जाणारे प्लॅस्टिकचे जोड आपल्यापैकी कितीजणांच्या पायांत होते?

म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून आम्ही हा लेख आवरता घेतो. पहिली, उत्पादकांसाठी. नोंदणी एखाद्या संघाच्या वा संस्थेच्या नावे होते. परंतु तेवढ्याने प्रत्येक कारागिरास त्या नावाचा हक्क बजावता येत नाही. त्याने स्वतःचे नाव 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदवावे लागते. आपल्या भागातील एखाद्या मालास मानांकन असेल, तर घोलवडच्या चिकूबागाईतदारांनी काय किंवा झाबुआच्या कोंबडीपालक कुटुंबांनी काय, ही चौकशी अवश्य करावी. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नवी करावी लागते. हे काम संघावर सोपवून विसरून जाऊ नये. आणि ज्यांच्या घरचे नाव मोठे आहे, जसे वसईची सुकेळी, त्यांनी मालात खोट येऊ देऊ नये. दौरोच्या खोऱ्याने काय भोगले ते वर सांगितलेच आहे.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकांसाठी. हातमागाच्या कापडावर शासनमान्य हातमाग चिन्ह असते, आणि मानांकित मालासाठीही शासनाने बोधचिन्ह ठरविलेले आहे. ते दाखवावयास सांगावे. पावतीवर 'हातमाग' असा शब्द लिहून मागावा. जो दुकानदार तोंडाने दोनदा 'अस्सल' म्हणतो आणि कागदावर एकदाही लिहावयास कचरतो, त्याच्याकडून घेऊ नये. यंत्रमागाची साडी नेसण्यात काही पाप नाही. ती विणणाराही घाम गाळतोच. परंतु ती यंत्रमागाची म्हणून विकावी व विकत घ्यावी. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण बालपणी पाठ केली आहे. दुसऱ्याच्या गावाचे नाव खोट्या मालावर चिकटविणे ही छापील खोटी साक्षच होय.

मावशींनी ती साडी परत केली नाही. परतीच्या गाडीची वेळ झाली होती. महेश्वरहून निघताना त्यांनी त्या वृद्ध विणकराकडून एक ओढणी घेतली, कारण तेवढेच पैसे उरले होते. त्यांनी भाव केला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी होतो. होणाऱ्या सुनेपुढे त्यांनी दोन्ही वस्तू ठेविल्या आणि म्हणाल्या, "बाळे, ही साडी इंदूरच्या बाजारातली आहे, रंग छान आहे, पण माहेश्वरी नव्हे, कोणी विचारले तर तसेच सांग. आणि ही ओढणी महेश्वरची आहे." मुलीने ओढणीचा काठ उलटा करून पाहिला. दोन्ही बाजू सारख्या होत्या.